चर्चा: संकटातला भरवसा म्हणजे देवाकडे तक्रार न करणे का?

शाहूपुरीकर:
२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा आमच्या घरात ते छातीइतके होते. शेजारच्या कुंभार गल्लीत गणेशोत्सवासाठी केलेल्या मूर्ती भिजून गेल्या. पाणी ओसरल्यावर चर्चमधल्या पहिल्या उपासनेत साक्षी झाल्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते लोकांनी उभे राहून सांगितले, आणि मंडळीतल्या एका भावाने, अगदी मनापासून, सांगितले की आपण प्रार्थना केल्यामुळे पाणी उंबऱ्याशीच थांबले. माझ्या शेजारी आई बसली होती. प्रार्थना तिनेही केली होती. नंतर भेटायला आलेल्यांपैकी काहींनी तिला ‘विश्वास कुठे कमी पडला ते तपासा’ असे सुचवले.

माझे मत असे, की हा सल्ला बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे सारे काही गमावलेल्या त्या नीतिमान माणसाच्या, मित्रांचा आहे. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर बरोबर होते. बोलू लागल्यावर मात्र त्यांनी त्याच्या दुःखामागे पाप शोधले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच आहे. आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असे देव स्वतः म्हणतो, आणि ईयोबाने तर सतत वाद घातला होता. ८८ वे स्तोत्र अंधारात संपते, शेवटी आभाराची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून देवाकडे तक्रार करणे हा माझ्या दृष्टीने भरवशाचाच भाग आहे.

बावड्याची बहीण:
आपल्या आईंना तसे बोलणे चुकीचेच होते. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्याचे घर वाचले त्याने आभार मानू नयेत का? पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले, १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः देह ठेवला. एवढे सोसूनही त्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुलींच्या रोजच्या भाकरीसाठी देवाकडे मागत राहिल्या. देव देईल ही अपेक्षाच काढून टाकली तर प्रार्थनेत उरते काय? तक्रारीचे रोज समर्थन करत गेलो, तर तिचीच सवय जडते, हे मी स्वतःवरून सांगते. पतीच्या आजारपणात मी वर्षभर देवाशी भांडले आणि त्या भांडणाने मला बळ दिले नाही. बळ आले ते रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातील २८ व्या वचनाने, की देवावर प्रीती करणाऱ्यांच्या कल्याणासाठी सर्व गोष्टी मिळून कार्य करतात.

शाहूपुरीकर:
त्याच अध्यायात दोन वचने आधी पवित्र आत्माच शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. कण्हण्यावरून उडी मारून २८ व्या वचनावर जाण्याची घाई मंडळीत होते, एवढेच माझे म्हणणे आहे. आभाराला माझा विरोध नाही. आपल्या सुटकेचे कारण आपली प्रार्थना, असे जाहीर करण्याला आहे, कारण ते ऐकताना शेजारच्याच्या प्रार्थनेचा निकालही आपोआप लागतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते का, या प्रश्नाला प्रभू येशूने नाही असे उत्तर दिले.

नागाळा पार्क:
प्रभूने त्याच उत्तरात पश्चात्तापाची हाकही दिली, ती आपण सोडून दिलीत. आपत्तीत स्वतःला तपासणे चूक नाही. दुसऱ्याला तपासायला लावणे चूक आहे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

बावड्याची बहीण:
हा फरक मी स्वीकारते. शिवाय तक्रार हा भरवशाचाच भाग आहे, हा शाहूपुरीकरांचा मुद्दा मला पूर्ण नाकारता येत नाही: त्या वर्षभराच्या भांडणात मी प्रार्थना एकदाही सोडली नव्हती. तरी साक्षी थांबवू नयेत, असेच माझे मत आहे. माझ्या पतीच्या उशाशी बसून एका वृद्ध बहिणीने स्वतःच्या वाचलेल्या मुलाची साक्ष सांगितली होती, आणि ‘तुझे काय होईल ते मला ठाऊक नाही’ असेही त्याच दमात सांगितले. त्या दोन वाक्यांनी मी सहा महिने काढले. आपल्या आईंना तसे बोलणारे कोणी भेटले का?

शाहूपुरीकर:
एकच जण. बादली आणि खराटा घेऊन आले, दोन दिवस आमच्या घरातला गाळ काढला, आणि जाताना आईबरोबर १३ वे स्तोत्र वाचले: ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ पुढच्या रविवारी आई उभी राहिली आणि तीच ओळ मोठ्याने वाचून खाली बसली.