प्रति: इंटरफेरॉन आणि पेशींवरील रिसेप्टर
इंटरफेरॉनमुळे (शरीरातील एक संरक्षक प्रथिन, जे औषध म्हणूनही देतात) ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींवरील सायटोकाइन रिसेप्टर (पेशींमधील संदेशवाहक प्रथिने जिथे जोडली जातात त्या जागा) सरसकट वाढतात, हे या चर्चेत आधी मांडलेले विधान मला पटत नाही. अल्फा इंटरफेरॉन आपल्या रिसेप्टरला जोडले गेले की तो रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि पृष्ठभागावरील त्याची संख्या घटते. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या दुर्मिळ प्रकारात, ज्यासाठी अमेरिकेत १९८६ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली, पेशींवर इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनचा रिसेप्टर आढळतो आणि त्याचा सुटून आलेला भाग रक्तात मोजता येतो. उपचार लागू पडल्यावर ही पातळी उतरते, परंतु ती मुख्यतः रोगट पेशीच कमी झाल्यामुळे. माझ्या चुलत्यांवर मिरजेत उपचार चालू असताना तेथील रक्तविकारतज्ज्ञांनी पेशीवरील रिसेप्टर कमी होणे आणि पेशीच कमी होणे यांतला नेमका हाच भेद आम्हांला समजावला होता, आणि या चर्चेत तो कोणी मांडलेला दिसला नाही.