अनुभव धागा: लाइफगेन डेक स्पर्धेला तयार करताना काय काढलंत, काय ठेवलंत?

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना निमंत्रण. विषय एकच, लहान लहान क्रीचर (लढणारे पत्ते) आणि लाइफ (सुरुवातीचे वीस गुण, संपले की हार) वाढवत जाणारी पांढरी डेक. बहुतेकांची सुरुवात याच डेकने होते, कारण स्वस्त पडते आणि आकडा वाढताना बघून बरं वाटतं, पण रँक वर चढायला लागली किंवा दुकानातल्या टूर्नामेंटला बसलं की तीच डेक धडाधड हरायला लागते. तिथून पुढे तुम्ही काय बदललंत ते लिहा. डेकलिस्ट सगळीकडे मिळतात, मला त्यामागचं कारण हवंय, आणि हरलेल्या मॅच जरूर लिहा.

सुरुवात मी करतो. मी पुण्यात असतो, खेळतो अरेनावर, म्हणजे ऑनलाइन. २०२३ च्या स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडचे सेट चालतात तो फॉरमॅट) माझ्याकडे चार लूनार्क व्हेटरन (एक मानाचा, माना म्हणजे पत्त्याची किंमत; १/१, म्हणजे मारायची ताकद एक, सोसायची एक; तुमचं दुसरं क्रीचर आलं की एक लाइफ) आणि चार व्हॉइस ऑफ द ब्लेस्ड (दोन मानाचा २/२, लाइफ मिळालं की एक काउंटर, म्हणजे +१/+१, चार काउंटर झाले की उडायला लागतो) होते, बाकी जे जे लाइफ देतं ते सगळं भरलेलं. एका मॅचमध्ये माझं लाइफ ५८ होतं आणि मी हरलो, कारण समोरचा टॉक्सिक खेळत होता, दहा पॉइझन काउंटर झाले की संपलं, तुमचं लाइफ ५८ असो नाहीतर ५८०. त्या रात्री मी नुसतं लाइफ देणारी सगळी कार्डं काढून टाकली. नियम असा केला की प्रत्येक कार्डाने एकतर मारलं पाहिजे, नाहीतर मारणाऱ्याला मोठं केलं पाहिजे.

दुसरा त्रास टेम्पररी लॉकडाऊनचा. तीन मानाचं एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी जादू), दोन किंवा कमी किमतीचं सगळं उचलून बाहेर ठेवतं, म्हणजे माझं अख्खं टेबल. मी आधी पटपट अजून क्रीचर टाकायचो, आता पांढरी-निळी डेक समोर दिसली की दोन क्रीचर टेबलावर आणि बाकी हातात. अ‍ॅडेलिन चार केल्या, ती तीन मानाची असल्यामुळे लॉकडाऊनच्या तावडीत सापडत नाही, आणि साइडबोर्डमध्ये (गेमच्या मधे बदलायची राखीव कार्डं) तीन डिस्ट्रॉय ईव्हिल. एकदा दोन व्हेटरन आणि दोन व्हॉइस लॉकडाऊनखाली गेले होते, मी त्याच्या टर्नच्या शेवटी डिस्ट्रॉय ईव्हिल टाकून लॉकडाऊन फोडलं, चौघंही एकदम परत आले. प्रत्येक व्हेटरनला बाकीचे तिघं येताना दिसतात, म्हणजे सहा ट्रिगर (प्रत्येक येण्यावर मिळणारं एक लाइफ), दोन्ही व्हॉइस ८/८ आणि उडणारे, लगेच माझी टर्न. समोरचा १४ वर होता.

आता तुम्ही.

~ उत्तर: एडिसन, न्यू जर्सीहून

मी मॉडर्न फॉरमॅटमध्ये (इथे जुने सेटही चालतात) सोल सिस्टर्स खेळलोय २०१३ पासून, कागदी पत्त्यांनी, दर शुक्रवारी. सिस्टर्स म्हणजे सोल वॉर्डन आणि सोल्स अटेंडंट, दोघी एक मानाच्या, कुठलंही दुसरं क्रीचर आलं की एक लाइफ, समोरच्याचं आलं तरी. वॉर्डन १९९८ च्या एक्झोडस सेटमधली जुनी, अटेंडंट २०१० ची. त्याच वर्षीच्या मॅजिक २०११ सेटमध्ये अजानीज प्राइडमेट आणि सेरा असेंडंट आले आणि या डेकला खरा आकार आला.

माझी पहिली दोन वर्षं एका गोष्टीत गेली, की डेकमध्ये दोन वेगळे प्लॅन आहेत हे मला कळतच नव्हतं. मार्टर ऑफ सँड्स घ्या. हातातली पाच पांढरी कार्डं दाखवून तिचा बळी दिला की पंधरा लाइफ, विसाचे पस्तीस, आणि असेंडंट तीस किंवा जास्त लाइफवर ६/६ होऊन उडतो. छान आहे. पण टेबलावर प्राइडमेट असेल तर त्याला मिळतो एक काउंटर, फक्त एक, कारण पंधरा लाइफ एका दमात आलं. तेच दोन सिस्टर्स बसल्या असताना स्पेक्ट्रल प्रोसेशन टाकलं तर तीन टोकन, म्हणजे पत्त्याशिवायची क्रीचर, येतात, प्रत्येकावर दोन ट्रिगर, एकूण सहा लाइफ, पण सहा वेळा, आणि प्राइडमेट २/२ चा ८/८. हे कळलं तेव्हा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: किती लाइफ मिळालं ते बघू नको, किती वेळा मिळालं ते मोज. मग मार्टर चारही काढल्या, प्रोसेशन चार केली, रेंजर ऑफ ईऑस तीन ठेवले कारण तो लायब्ररीतून (न उचललेल्या गड्डीतून) दोन एक-मानाची क्रीचर हातात आणून देतो, टेबल साफ झाल्यावर परत उभं राहायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही.

बर्नसमोर (थेट डॅमेज टाकणारी लाल डेक) मात्र लोक समजतात तसं सोपं नाही. ते स्कलक्रॅक ठेवतात, त्या टर्नला लाइफ वाढतच नाही. ऑरिऑक चॅम्पियनला लाल आणि काळ्यापासून प्रोटेक्शन आहे, ती दुसऱ्या टर्नला आली तर अर्धी मॅच झाली असं समजा. अँगर ऑफ द गॉड्स मात्र तिच्याशिवाय सगळ्यांना घेऊन जातं, परत आणायचीही सोय नाही, एक्झाइलच होतात, म्हणजे खेळाबाहेर.

आणि ट्रिगर विसरणं! अरेनावरून आलेल्या पोरांना हे कळत नाही, तिथे कॉम्प्युटर सगळं करतो. टेबलावर तुमचा ट्रिगर तुम्हीच लक्षात ठेवायचा, समोरच्याने आठवण करून द्यायची गरज नाही. मी समोरच्याच्या क्रीचरवरचं लाइफ कायम विसरायचो. एका रविवारी मोठ्या टूर्नामेंटला मी दोन लाइफने हरलो आणि घरी येताना गाडीत मोजलं तर त्या गेममध्ये निदान चार ट्रिगर सुटले होते. तेव्हापासून लायब्ररीवर एक फासा ठेवतो, आणि प्रत्येक ट्रिगर तोंडाने बोलतो, मराठीत, एक, दोन, तीन. समोरचे विचारतात कुठली भाषा, सांगतो.

या डेकने दिलेला सगळ्यात सुंदर क्षण स्प्लिंटर ट्विनसमोरचा, म्हणजे एका क्रीचरच्या हव्या तेवढ्या कॉप्या काढणाऱ्या डेकसमोरचा. (ट्विन जानेवारी २०१६ ला बॅन झालं, त्याआधीची गोष्ट.) त्याने डिसीव्हर एग्झार्कवर ट्विन लावलं आणि म्हणाला, दहा लाख कॉप्या. माझ्या दोन्ही सिस्टर्स टेबलावर. म्हटलं ठीक आहे, मला वीस लाख लाइफ. एग्झार्कची ताकद एक, सगळ्यांनी मारलं तरी दहा लाखच जातात. त्याने हिशोब दोनदा केला, मग हसून हात पुढे केला.

~ बंगळुरूत मुक्काम, मूळ सोलापूर

मी थोडक्यात लिहितो, माझा अनुभव आकड्यांचा आहे. ६० कार्डांच्या डेकमध्ये लाइफ देणारी एक-मानाची क्रीचर ८ असतील तर पहिल्या सात कार्डांत निदान एक येण्याची शक्यता ६५ टक्के, १० असतील तर ७४, १२ असतील तर ८१. मी बाराच केली होती, अरेनावर तशी सोय होती, आणि सुरुवात खरंच फार छान व्हायची. पण सहाव्या-सातव्या टर्नला वरून १/१ आला की काहीच होत नाही, समोरचा तोवर पाच मानाचं काहीतरी टाकतोय. महिनाभर हार-जीत लिहून ठेवली तेव्हा दिसलं की मी सुरुवातीला हरत नाहीये, उशिरा हरतोय. दहावर आणली, मोकळ्या झालेल्या दोन जागी वरच्या किमतीची कार्डं. एवढंच, पण हार-जीत लगेच बदलली. तुमची डेक कधी हरते ते आधी लिहून काढा, कार्डं त्यानंतर बदला.

@एडिसन, दादा, ते "किती वेळा" वालं मी माझ्या वहीत पण उतरवून घेतलंय.

~ नाशिकहून

मी खेळणारी नाही हो, मुलगा खेळतो. तो सुट्टीला घरी आला की त्याला सरावाला कोणीतरी लागतं म्हणून मी बसायला लागले, आता मलाच गोडी लागलीय. आम्ही पॉपर खेळतो, फक्त कॉमन कार्डं, त्यातली बरीच त्याने कागदावर छापून स्लीव्हमध्ये घातलीत. माझ्याकडे वॉर्डन, अटेंडंट आणि सूचर प्रीस्ट. ही प्रीस्ट माझी लाडकी, आपलं आलं तर आपल्याला लाइफ, त्याचं आलं तर त्याचं एक कमी.

काउंटरला आम्ही चिंचोके वापरतो. लाइफसाठी पण. वाटीतून एक एक चिंचोका उचलायचा, त्यामुळे ट्रिगर विसरला जात नाही, हात आपोआप वाटीकडे जातो. एडिसनच्या भाऊंनी फाशाचं लिहिलंय तसंच हे. बॅटल स्क्रीच टाकलं की दोन पक्षी येतात, मग तीन पांढरी क्रीचर आडवी करून तेच परत, अजून दोन पक्षी, दोघी सिस्टर्स असतील तर आठ चिंचोके एका पत्त्यावर. मुलगा आधी स्क्रीच दोनच ठेव म्हणायचा, चार माना फार होतात म्हणून. मी चार ठेवल्या आणि त्याला लागोपाठ हरवलं, आता त्याच्याही डेकमध्ये चार आहेत. तो पुढच्या महिन्यात स्पर्धेला जाणार आहे.

~ टोरांटोहून

काकू, चिंचोक्यांची आयडिया फार आवडली, इथे मिळाले तर नक्की.

माझं हेलिओड आणि कलेक्टेड कंपनी. हेलिओड सन-क्राउन्ड जानेवारी २०२० मध्ये आला आणि लाइफगेनला खराखुरा कॉम्बो मिळाला. वॉकिंग बॅलिस्टावर दोन काउंटर हवेत, हेलिओडने दोन माना देऊन तिला लाइफलिंक (जेवढं डॅमेज तेवढं लाइफ) द्यायचं, एक काउंटर काढून एक डॅमेज, त्याने एक लाइफ, त्या लाइफने हेलिओड काउंटर परत ठेवतो, असं समोरचा मरेपर्यंत. एकच काउंटर असेल तर होत नाही, तो काढताच बॅलिस्टा मरते. (पायोनिअर फॉरमॅटमध्ये बॅलिस्टा ऑगस्ट २०२० लाच बॅन झाली.) मॉडर्नमध्ये जोडीला स्पाइक फीडर, त्याला माना पण लागत नाहीत, काउंटर काढा, दोन लाइफ घ्या, काउंटर परत.

सुरुवातीला मी बॅलिस्टा चार आणि कंपनी चार ठेवल्या होत्या आणि इथेच चूक होती. कंपनी सहा कार्डं बघून दोन क्रीचर थेट टेबलावर आणते, हेलिओडही आणते, पण बॅलिस्टा अशी आली तर शून्य काउंटरने येते आणि लगेच मरते. म्हणजे त्या सहा कार्डांतली बॅलिस्टा वायाच. चाराच्या दोन केल्या, फीडर चार. डेक गुळगुळीत चालायला लागली.

मग २०२२ मध्ये एका लोकल टूर्नामेंटला ट्रॉनसमोर (खास लँड जमवून भरपूर माना काढणारी डेक) फीडर आणि हेलिओड लागले. कागदी खेळात अनंत म्हणता येत नाही, आकडा सांगावा लागतो, मी सांगितला दहा लाख. समोरच्याने हार मानली नाही. त्याने ऑब्लिव्हियन स्टोन फोडला, टेबल साफ, हेलिओड अविनाशी म्हणून राहिला, पण पांढऱ्या रंगाची डिव्होशन (टेबलावरच्या कार्डांच्या किमतीतली पांढरी चिन्हं) पाच नसेल तर तो क्रीचरच नाही, हल्ला करू शकत नाही. मग कार्न लिबरेटेड आला. त्याचे लॉयल्टी काउंटर सहावरून दहा, दहावरून चौदा, आणि पुढच्या टर्नला वजा चौदा. गेम नव्याने सुरू. दोघेही वीसवर. माझे दहा लाख गेले, आणि तो नवा गेम मी हरलो, वेळेत संपणारही नाही असं वाटत होतं, पण संपला.

त्यानंतरचा बदल डेकमध्ये कमी आणि खेळण्यात जास्त झाला. लाइफ दहा लाख झालं तरी मी आता दर टर्नला मारतो, हातात कंपनी राखून ठेवतो, आणि साइडबोर्डमध्ये ट्रॉनच्या लँडवर उपाय चार ठेवले. पॉइझन, डेक संपवणारे, कार्न, यांना तुमच्या लाइफशी काही घेणंदेणं नाही.

~ पुन्हा पुण्याहून

@टोरांटो, कार्नचं वाचून मी तो पत्ता परत उघडून बघितला, खरंच तसं लिहिलंय.

नवीन सेटवाल्यांना एक सावधगिरी सांगतो. २०२४ च्या डस्कमोर्नमधला स्क्रीमिंग नेमेसिसला डॅमेज झाला की तो तेवढाच डॅमेज तुमच्यावर टाकू शकतो, आणि तो लागला की उरलेल्या पूर्ण गेममध्ये तुमचं लाइफ वाढत नाही. पूर्ण गेम! त्याच्यासमोर मी लाल डेक दिसली की ब्लॉकच करत नाही, आणि त्याला डॅमेज न करता बाहेर काढणारी कार्डं ठेवतो.

~ सनीवेलहून

उशिरा लिहितोय. मी पण सिस्टर्सवाला, २०१६ पासून. जून २०२४ ला मॉडर्न होरायझन्स ३ आला आणि गाइड ऑफ सोल्स मिळाली, एक माना, क्रीचर आलं की एक लाइफ आणि एक एनर्जी (साठवून खर्च करायचे काउंटर), हल्ला करताना तीन एनर्जी देऊन कुणालातरी दोन काउंटर आणि उडण्याची ताकद. सोबत ओसेलॉट प्राइड, त्या टर्नला लाइफ मिळालं असेल तर शेवटी एक मांजर. एक लाइफ पुरतं. मी आनंदाने वेडा झालो होतो, आपली वॉर्डन मॉडर्नच्या सगळ्यात वरच्या डेकमध्ये आली, नाव वेगळं एवढंच.

मी माझ्या जुन्या डेकमध्ये गाइड आणि ओसेलॉट घातले. पहिले दोन महिने मधेच अडकलो, कारण मी प्राइडमेट सोडत नव्हतो. एडिसनकरांचा "किती वेळा" हा हिशोब प्राइडमेटसाठी बरोबर, पण ओसेलॉटला फक्त "मिळालं की नाही" एवढंच लागतं. मग दुसरी सिस्टर, तिसरी सिस्टर कशासाठी? गाइड चार पुरतात. अटेंडंट काढल्या, त्यांच्या जागी लाल रंग घेतला, रिमूव्हल (समोरचं क्रीचर हटवणारी कार्डं) घेतलं, आणि निकाल एकदम सुधारला. प्राइडमेट सगळ्यात शेवटी काढले, एक एक करून, चाराचे तीन, तीनाचे दोन. आठ वर्षं चार होते.

एक प्रश्न आहे, कुणी अनुभव घेतला असेल तर सांगा. मिरर मॅचमध्ये, म्हणजे दोन्हीकडे ओसेलॉट असताना, साइडबोर्डनंतर तुम्ही गाइड चार ठेवता की कमी करता? मी तीन ठेवतोय, पण पहिली टर्न माझी नसेल तेव्हा ती एक फार कमी पडते असं वाटतंय.