मदत हवी आहे: व्हेरिकोसीलचं ऑपरेशन की थेट आयव्हीएफ?

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. लग्नाला 5 वर्षं झाली, अजून मूल नाही. मी 31, हे 35. पहिली 3 वर्षं सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. थायरॉइड, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती ते सांगणारी रक्त तपासणी), सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची एचएसजी (ती फार दुखली). थोडं पीसीओडी निघालं, गोळ्यांनी पाळी नियमित झाली. यांची वीर्य तपासणी करा असं कुणी म्हटलंच नाही. घरातले उपास-नवसही माझ्याच वाट्याला. मला अजून राग येतो, कारण ती तपासणी किती सोपी आणि स्वस्त!

शेवटी केली. शुक्राणू दर मिलीलीटरला 60 लाख. निदान 1 कोटी 60 लाख तरी हवेत. हालचालही कमी. डावीकडे व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या. त्यात हे फौंड्रीत भट्टीजवळ कामाला, आणि तंबाखूची सवय. उष्णता आणि तंबाखू, दोन्ही गोष्टी शुक्राणूंना वाईट. तंबाखू 2 महिन्यांपूर्वी सोडली. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे.

एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात वेळ घालवू नका, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. कुणाकडे हे ऑपरेशन झालंय का? किती महिन्यांनी रिपोर्टमध्ये फरक पडला? भट्टीवरून दुसऱ्या खात्यात बदली घेऊन कुणाला फायदा झाला का?

रिपोर्ट आल्यापासून हे फार गप्प असतात. यातून गेलेला एखादा दादा त्यांच्याशी बोलायला तयार असेल तर प्लीज मला मेसेज करा.