अंगठा लागत नाही म्हणून आईचा चेहरा द्यावा का?

केजची लेक

सर्वांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण तो घरापुरता राहिलेला नाही, म्हणून येथे मांडत आहे.

माझे आईवडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. वडील वारल्यानंतर आई गावीच, केज तालुक्यात, एकटी राहते. कार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे आणि त्यावर आता तिचे एकटीचेच नाव उरले असल्यामुळे महिन्याला पाच किलो धान्य मिळते. कोयता धरून आणि मोळ्या बांधून तिची बोटे इतकी गुळगुळीत झाली आहेत, की रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा पहिल्याच झटक्यात लागला तर आम्हालाच नवल वाटते. हात धुऊन, पदराला पुसून, कधी बोटावर तेलाचा हात फिरवून ती चार-पाच वेळा प्रयत्न करते. तोवर मागची रांग कुरकुरू लागते आणि ती आपण होऊन बाजूला होते. यंदा दोन महिन्यांचे धान्य असेच राहिले.

२०२५ मध्ये शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची ओळख आधारवरून पडताळण्यासाठी, चेहरा दाखवण्याची सोय मोबाइलवर आली, तेव्हा मी अंबाजोगाईहून सुट्टी काढून गावी गेले. पत्र्याच्या खोलीत उजेड पुरेना, म्हणून आईला उंबऱ्यावर बसवले आणि डोक्यावरचा पदर मागे सारायला सांगितला. डोळ्यांची उघडझाप करा अशी सूचना आली. आईने डोळे मिटले ते घट्ट मिटूनच ठेवले, आणि तशीच मला म्हणाली, "बोटं नापास झाली म्हणून आता तोंडाला परीक्षेला बसवलंस का?" दुसऱ्या प्रयत्नात काम झाले. दुकानदारांचे म्हणणे असे, की आज ना उद्या धान्यसुद्धा चेहऱ्यावरच मिळू लागेल आणि आईसारख्यांचा त्रास संपेल.

तो संपावा, असे मलाही मनापासून वाटते. तरीही घरी परतताना मन स्वस्थ नव्हते. बोट देताना आई स्वतः हात पुढे करते आणि द्यायचे नसेल तर तिला मूठ मिटता येते. चेहऱ्याची मूठ मिटता येत नाही. तो बाजारात, एसटी स्टँडवर, मोर्चात, कुठेही उघडाच असतो. पाच किलो धान्यासाठी तो एकदा यंत्राच्या ओळखीचा करून दिला, तर पुढे कोण कशासाठी ओळखील, यावर आपला काही ताबा उरतो का? की माझी ही अस्वस्थता म्हणजे महिन्याचा पगार असलेल्या माणसाची चैन आहे?

रास्त भाव

ताई, मी स्वतः दुकानदार आहे, तेव्हा माझी बाजू आधी ऐकून घ्या.

मशीन येण्यापूर्वीची नोंदवही मी पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर भरलीही आहे. त्या वहीत मेलेली माणसे दरमहा धान्य उचलत असत. शाईचा अंगठा कोणाचाही चालायचा. आता माल किती आला, किती गेला आणि कोणाच्या नावावर गेला, हे पावतीवर छापून येते, आणि ग्राहकाला त्या पावतीवर बोट ठेवून माझ्याशी भांडता येते. दुसरे असे, की आपल्या भागातली निम्मी माणसे दसऱ्यानंतर साखरपट्ट्यात किंवा कर्नाटकात असतात. 'एक देश, एक शिधापत्रिका' या सोयीमुळे ऊसतोडीच्या टोळीवर गेलेल्याने त्याच्या वाट्याचे धान्य तिकडे उचलावे आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-पोरांनी त्यांचे इथे उचलावे, हे शक्य झाले. परगावच्या दुकानदाराला आपला माणूस ओळखू येणार नाही. तिथे ओळख पटवायला यंत्रच लागते.

अंगठा लागला नाही की शिव्या मात्र मला खाव्या लागतात. बिनाअंगठ्याचे धान्य दिले तर शिल्लक साठ्याचा हिशेब जुळत नाही, आणि तपासणीला आलेले साहेब माझ्याकडे चोर म्हणूनच बघतात. त्यामुळे समोरची बाई गावातली आहे, तिला मी चाळीस वर्षे ओळखतो, हे माहीत असूनही मी मान हलवतो. याची लाज वाटते, पण परवाना माझा आहे. म्हणून मी म्हणतो, चेहऱ्याने काम होत असेल तर होऊ द्या.

कोर्टाच्या पायरीवरून

ताई, चेहऱ्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी दोन महिन्यांच्या धान्याबद्दल बोलतो, कारण तिथे कायदा बराचसा आपल्या बाजूचा आहे आणि तो कोणी वापरत नाही.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने शासकीय लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निकालात बहुमताने असेही म्हटले आहे, की ठसे जुळले नाहीत एवढ्याच कारणाने कोणाचा लाभ नाकारला जाऊ नये आणि ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग खुला असावा. हे मात्र तहसीलच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना लेखी कळवले होते, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला परत पाठवू नये आणि अशा वाटपाची स्वतंत्र नोंद ठेवावी. झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यातल्या एका मुलीच्या मृत्यूनंतर देशभर गदारोळ झाला होता, त्या पार्श्वभूमीवर ते पत्र निघाले होते. दुकानदार बंधूंना ज्याची भीती वाटते त्या 'बिनाअंगठ्याच्या' वाटपाला हा लेखी आधार आहे. त्यांनी अपवाद-नोंदवही मागून घ्यावी आणि ती दुकानात समोर ठेवावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. अर्ज लेखी द्या, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता चेहऱ्याबद्दल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. मात्र आधार कायद्याची भाषा बारकाईने पाहा. बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा यांना त्यात 'गाभ्याची' जैविक माहिती म्हटले आहे आणि ती कोणत्याही कारणासाठी कोणालाही देण्यास मनाई आहे. छायाचित्र जैविक माहितीच्या व्याख्येत येते, पण गाभ्याच्या व्याख्येत त्याचे नाव घेतलेले नाही. म्हणजे कायदा लिहिताना चेहऱ्याला बोटापेक्षा कमी जपण्याची गोष्ट मानले गेले, आणि आज तोच चेहरा बोटाच्या जागी बसवला जात आहे. ही फट मला गंभीर वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून येथे फार आशा ठेवू नका. अनुदान व लाभ देण्यासाठी शासनाला माहिती वापरायची असेल, तर त्या कायद्याने संमतीशिवायही वापर करण्याची वाट ठेवली आहे.

परभणी ते हिंजवडी

माझे रोजचे काम चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींशी संबंधित असल्यामुळे एकच मुद्दा स्पष्ट करतो, कारण वरच्या चर्चेत दोन निराळी कामे एकत्र झाली आहेत. "ही बाई अमुकच आहे का?" हा एक प्रश्न. यंत्र तिचा आत्ताचा चेहरा तिच्याच जुन्या नोंदीशी ताडते आणि हो किंवा नाही सांगते. रेशनमध्ये हेच होते. "ही बाई कोण आहे?" हा दुसरा प्रश्न, आणि त्यासाठी एक चेहरा लाखो चेहऱ्यांच्या ढिगाशी ताडावा लागतो. केजच्या ताईंना भीती वाटते ती दुसऱ्याची, आणि ती भीती अडाणीपणाची नाही, कारण पहिल्या कामासाठी जमवलेला साठा दुसऱ्या कामाला लावण्यास तांत्रिक अडथळा फारसा नसतो. अडवू शकतो तो फक्त नियम.

यंत्र हो किंवा नाही म्हणते, तेही खरे तर आतल्या एका गुणसंख्येवरून. कितीला पास करायचे, हे माणूस ठरवतो. ती पट्टी वर नेली तर तोतये कमी घुसतात, पण खरी माणसे जास्त परत जातात. खाली आणली तर उलटे होते. बँकेच्या तिजोरीला आणि पाच किलो तांदळाला एकच पट्टी असावी का, हा प्रश्न अभियंत्याला विचारण्याचा नाही, पण प्रत्यक्षात तो त्याच्यावरच सोडला जातो. चेहऱ्याने सगळ्यांचे भले होईल, असेही समजू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. ते काम वेगळे होते, प्रणालीही आता सुधारल्या आहेत. पण उन्हात रापलेली, पदर घेतलेली, अंधाऱ्या खोलीतली बाई यंत्राला शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कितपत होती, ही शंका मला अजून सोडत नाही.

पालावरचा

दुकानदार भाऊंच्या बोलण्यातला प्रामाणिकपणा आवडला. तरीही एक गोष्ट सांगतो.

१८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे त्याने "ही सही माझी नाही" म्हणू नये. ठशांच्या या कारभाराचा उगमच मुळी अविश्वासात आहे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्माला येणे हाच ज्यांचा गुन्हा ठरला, त्यांच्या याद्या झाल्या, ठसे घेतले गेले, हजेऱ्या लागल्या. माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याच्या सरकारी वसाहतीत, होते. तिथल्या हजेरीच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगितल्या जातात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु कुठे घरफोडी झाली की गाडी आजही आधी गायरानातल्या आमच्या पालांकडे वळते, हे कळंब-आष्टीकडच्या कोणालाही विचारा.

म्हणून "लपवण्यासारखे काही नसेल तर चेहरा द्यायला काय हरकत?" असे कोणी म्हणाले, की माझ्या पोटात कालवते. लपवण्यासारखे पणजोबांकडेही काही नव्हते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटकेतल्या माणसाची छायाचित्रे, ठसे, बुबुळांच्या प्रतिमा घेण्याची मुभा दिली आहे आणि या नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली आहे. निर्दोष सुटल्यावर नोंद नष्ट करण्याचीही तरतूद त्यात आहे, हे वकीलसाहेब सांगतीलच. पण ती नष्ट झाली की नाही, हे बघायला पालावरचा माणूस कोणाच्या दारात उभा राहणार? ताई, तुमची अस्वस्थता चैन नाही. आम्हाला ती वारशाने मिळाली आहे, तुम्हाला आता येऊ लागली आहे, एवढाच फरक.

धारूर घाट

सरकारची चर्चा चालली आहे, त्यात ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाला विसरू नये. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देताना आमच्या मुकादमाने नवरा-बायको दोघांचे आधार मोबाइलवर टिपले आणि दोघांना भिंतीशी उभे करून फोटो काढले. पुढे टोळीतले एक जोडपे कारखान्यावर आलेच नाही, तेव्हा त्यांचा फोटो आणि आधार 'उचल बुडवून पळाले' अशा मजकुरासह चार जिल्ह्यांतल्या मुकादमांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरला. बाई बाळंतपणात अडली होती, हे नंतर कळले. फोटो मात्र मागे घेता आला नाही. याला कोणतीही प्रणाली लागली नाही, एक स्वस्त मोबाइल पुरला.

केजची लेक

सर्वांचे आभार. धारूरच्या दादांनी लिहिलेले वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही, कारण आमच्या वडिलांचाही तसा फोटो घेतलेला मला आठवतो.

वकीलसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. दोन महिन्यांच्या धान्याचे काय होते ते अजून कळायचे आहे. चेहऱ्याची नोंद झाली ती झाली, ती मी परत घेऊ शकत नाही; पण धान्यासाठी चेहराच हवा असे कोणी म्हणाले, तर आधी लेखी नियम मागायचा, असे आम्ही मायलेकींनी ठरवले आहे. अंगठा लागेल त्या महिन्यात अंगठा, नाही लागला तर नोंदवही.

या महिन्यात अंगठा लागला नाही. दुकानदारांनी थोडी खळखळ करून कपाटाच्या तळातून अपवाद-नोंदवही काढली. ती कोरी होती, पुठ्ठ्यावर उंदराने कुरतडलेले होते. नाव, कार्ड क्रमांक, वजन लिहून झाल्यावर ते 'कारण' या रकान्यापाशी थांबले आणि काय लिहायचे म्हणून माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "लिहा, बावीस वर्षं ऊस तोडला." त्यांनी तसेच लिहिले आणि पाच किलो मापून दिले.