ठसे फिसकटतात त्यावर
भेटवस्तू गुंडाळायला खाकी कागदावर बटाट्याचे ठसे मारले तर ते फिसकटतात, त्यापेक्षा बाजारचा चकचकीत कागद बरा, असं एकांनी म्हटलंय; ते मला अजिबात पटलं नाही. ठसा फिसकटतो तो बटाट्यातल्या पाण्यामुळे. कापलेली बाजू सुती फडक्यावर जरा वेळ पालथी दाबून ठेवा. पोस्टर कलर पाणी न घालता ओलसर स्पंजवर पसरा आणि ठसा त्यावर टेकवा; वाटीत बुडवला की कडेला रंग साचणारच.

शिवाय खाकी कागदाची एक बाजू बहुतेक वेळा गुळगुळीत, दुसरी खरखरीत असते. वह्यांना कव्हर घालताना गुळगुळीत बाजू वर घेतो, ठशांसाठी मात्र खरखरीत घ्या, रंग पटकन धरते. आणि भेंडी विसरू नका! देठाजवळ आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतंच मिळतं. जून भेंडीच घ्या, कोवळी दाबाखाली चिरडते. खाकीवर पांढरी फुलं फार देखणी दिसतात.