शनिवार-रविवारी घरी लिहिलेला कोड कंपनीचा की माझा?

संगमनेरकर
हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत आहे, जावा बॅकएंड, क्लायंट अमेरिकेतला इन्शुरन्सवाला. हे आधीच सांगतो कारण पुढे जे लिहितोय त्याचा आणि ऑफिसच्या कामाचा काडीचा संबंध नाही.

मामाचं गावी दूध संकलन केंद्र आहे. दोन टाइम दूध येतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, रेट चार्टात बघून दर लावायचा आणि दर दहा दिवसांनी बिल, त्यातून परत पशुखाद्याची पोती, उचल, सोसायटीचा हप्ता असं सगळं कापायचं. मामाकडचं जुनं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालायचं आणि दर बदलला की ते बसवून देणाऱ्या माणसाला फोन करून चार्ट टाकून घ्यायला लागायचा, तो येणार त्याच्या सवडीने, तोवर मामा वहीत लिहिणार आणि दहाव्या दिवशी भांडणं. म्हणून मी अँड्रॉइडवर अ‍ॅप करून दिलं. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बेस दर, तिथून पॉइंटमागे कमी-जास्त, आणि एसएनएफ खाली गेला की कपात वेगळ्या हिशोबाने, म्हशीचा चार्टच निराळा. कोडिंग सोपं होतं, हे लॉजिक मामाकडून काढून घेण्यातच निम्मा वेळ गेला.

आता आजूबाजूची चार-पाच केंद्रं मागतायत, वर्षाला ठरावीक पैसे द्यायलाही तयार आहेत. आणि मी परवा सहज ऑफर लेटर काढून बघितलं तर त्यात लिहिलंय की नोकरीच्या काळात कर्मचारी जे काही सॉफ्टवेअर, डिझाइन, कल्पना तयार करेल ते ऑफिसच्या वेळेत असो नाहीतर बाहेर, जगभर आणि कायमचं कंपनीचं. शिवाय परवानगीशिवाय दुसरा धंदा नाही.

लॅपटॉप माझा, नेट घरचं. फक्त काही स्क्रीन लिहिताना कोपायलटला (मायक्रोसॉफ्टचं कोड सुचवणारं एआय) ऑफिसचंच लॉगिन होतं. तर कायद्याने हे अ‍ॅप कोणाचं? आणि एचआरला विचारू की गप बसू?

कोथरूडचा_कोडर
गप बस. कोण येतंय संगमनेरला दुधाचं अ‍ॅप जप्त करायला? त्या ओळी सगळ्यांच्या ऑफर लेटरात असतात, कुठल्यातरी अमेरिकन टेम्प्लेटवरून उचललेल्या, एचआरने पण वाचलेल्या नसतात. पैसे मामाच्या नावावर घे, विषय संपला. आमच्या टीममध्ये एकाचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, एक शेअर मार्केटचे क्लास घेतो, कोणाला काही झालेलं नाही. विचारायला गेलास की नाही म्हणणार, कारण नाही म्हटल्याने एचआरचं काही जात नाही.

सनद_आहे
वकिली करते, आयटीवाल्यांची कागदपत्रं बरीच बघितलीयेत. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा, ऑफर लेटर न बघता कोणीच सल्ला देऊ नये.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरतात, म्हणजे तुमचं दुधाचं अ‍ॅप आणि कोणाची कादंबरी एकाच खान्यात. कलम १७ सांगतं की पहिला मालक लेखक, पण नोकरीचा भाग म्हणून काम केलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक मालकच, म्हणजे कंपनी. इथे सगळं वजन 'नोकरीचा भाग म्हणून' यावर आहे. इन्शुरन्सच्या बॅकएंडला ठेवलेल्या माणसाने रविवारी घरी बसून फॅट-एसएनएफचा हिशोब लिहिला तर तो नोकरीचा भाग ठरवणं कंपनीला जड जाईल. नुसत्या कायद्याने बघितलं तर अ‍ॅप तुमचं.

पण तुम्ही सही केलीये. कलम १८ प्रमाणे पुढे होणाऱ्या कृतीचे हक्कसुद्धा आधीच लिहून देता येतात, ती कृती झाली की करार लागू होतो. कंपन्यांचा तो परिच्छेद इथून येतो. त्याला उलट उत्तर आहे कलम १९ मध्ये. हक्क देणं लेखी आणि सहीचं हवं, कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागात हे त्यात यायला हवं. 'तू जे जे करशील ते ते आमचं' याने कुठली कृती हे सांगितलं गेलं का, यावर भांडता येतं. भांडता येतं म्हणाले हं, जिंकता येतंच असं नाही म्हणाले. कालावधी लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून तर तुमच्या लेटरात जगभर आणि कायमचं असं आवर्जून घातलंय. तेव्हा टेम्प्लेट एचआरने वाचलं नसेल पण लिहिणाऱ्याने कायदा नीट वाचलेला आहे.

आणि कोथरूडकर, मामाच्या नावावर पैसे घेतल्याने लेखक बदलत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद राहते तिथे, कमिट कोणाच्या नावाने आहेत?

कोथरूडचा_कोडर
गिट मामाच्या नावाने कॉन्फिगर करता येतं 😀

सनद_आहे
येतं की. मग उलटतपासणीत मामांना विचारतील रीबेस म्हणजे काय.

बे_एरियातली_शमा
इथे कॅलिफोर्नियात याच प्रश्नावर सरळ कायदा आहे, लेबर कोडचं कलम २८७०. स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधनं न वापरता केलेली गोष्ट कंपनीला मागता येत नाही, करारात लिहिलं असलं तरी तेवढा भाग चालत नाही. अपवाद दोनच, एक म्हणजे कंपनीच्या धंद्याशी किंवा तिथे चालू असलेल्या नाहीतर खरंच होऊ घातलेल्या संशोधनाशी संबंध असेल तर, आणि दुसरं तुझ्या ऑफिसच्या कामातूनच ते निघालं असेल तर. ऐकायला मस्त वाटतं पण पहिल्या अपवादात मोठ्या कंपन्यांचे लोक हमखास अडकतात, कारण त्यांच्या कंपनीचा धंदा म्हणजे नकाशापासून मेडिकलपर्यंत सगळंच. माझ्या नवऱ्याच्या आधीच्या कंपनीत त्यासाठी वेगळी कमिटी होती, फॉर्म भरायचा आणि वाट बघायची.

आणि 'कंपनीची साधनं न वापरता' हे इथे फार कडक बघतात. तुझं ते कोपायलट लॉगिन इथे असतं तर पहिला प्रश्न त्याचाच आला असता.

संगमनेरकर
तेच डोक्यात बसलंय. जे कोपायलटने सुचवलं त्याचा लेखक कोण मग? मी, कंपनी की मायक्रोसॉफ्ट?

सनद_आहे
आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक गंमत आलीये, तेव्हा हे एआय कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. कॉम्प्युटरने तयार केलेल्या कृतीचा लेखक कोण, तर ती कृती जो तयार करवून घेतो तो. म्हणजे स्क्रीनसमोर बसून हे असं कर ते तसं कर म्हणणारे तुम्ही. हे आजच्या एआयला कसं लावायचं यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, पण तुमच्या प्रश्नापुरतं मालकीपेक्षा पुराव्याचं बघा. ऑफिसच्या लायसन्सवर लॉग असतात. 'कंपनीची साधनं वापरली नाहीत' हे वाक्य तुम्हाला आता सरळ म्हणता येणार नाही. त्या स्क्रीन स्वतःच्या अकाउंटवर, जुन्या फायली न उघडता नव्याने लिहा. चार-पाच स्क्रीनसाठी फार नाही.

खवचट_खान
हे सगळं छान आहे पण २०२२ विसरलात काय. विप्रोच्या रिशद प्रेमजींनी मूनलाइटिंगला, म्हणजे नोकरी करता करता बाहेरचं काम करण्याला, सरळ फसवणूक म्हटलं आणि ३०० जणांना घरी पाठवल्याचं सांगितलं, ते लोक स्पर्धक कंपन्यांसाठी पण काम करत होते म्हणे. त्याच वर्षी इन्फोसिसने आधी दोन नोकऱ्या चालणार नाहीत असा मेल टाकला आणि ऑक्टोबरात मॅनेजर आणि एचआरची परवानगी असेल तर बाहेरची कामं करा म्हणून सांगितलं, अट एवढीच की कंपनीच्या किंवा क्लायंटच्या आड यायला नको. म्हणजे विचारलं की नाहीच म्हणतात हे खरं नाही.

बाकी मला खरा राग याचा येतो की आठ तासांचा पगार देऊन चोवीस तासांचं डोकं विकत घेतल्यासारखं लिहून घेतात. सुताराने रविवारी घरी पाट केला तर तो फर्निचरवाल्या शेठचा होत नाही, आमचा मात्र होतो. आणि आम्ही पण असे की घराचं ॲग्रीमेंट तीन वकिलांना दाखवणार आणि ऑफर लेटरवर मोबाईलवर स्क्रोल करत बोटाने सही.

नवीन_भरती
थोडं अवांतर. माझ्याकडून दोन वर्षांचा बॉन्ड घेतलाय, सोडलं तर दोन लाख. हे कायदेशीर असतं का? कॉलेजात सगळे म्हणायचे बॉन्डला काही अर्थ नसतो.

सनद_आहे
नवीन भरती, कॉलेजचं ऐकू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख हा बॉन्ड ग्राह्य धरला. ती सरकारी बँक, भरतीचा खर्च आणि परत जाहिरात देऊन भरती करायची कटकट हे कोर्टाने लक्षात घेतलं, तेव्हा प्रत्येक खासगी कंपनीचा बॉन्ड आपोआप बरोबर ठरला असंही नाही. कंपनीला वाजवी भरपाई मिळू शकते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण सर्टिफिकेट अडकवून ठेवत असतील तर वेगळा धागा काढा.

यात दोन गोष्टींची लोक खिचडी करतात. नोकरीत असताना बांधून ठेवणं आणि सोडल्यावर बांधून ठेवणं. करार कायदा १८७२ चं कलम २७ म्हणतं की धंदा-व्यवसाय करायला अडवणारा करार रद्दबातल. सोडल्यानंतर स्पर्धकाकडे जाऊ नको ही अट त्यात मार खाते, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या केसमध्ये २००६ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, मॅनेजमेंट कंपनीचा करार संपल्यावर त्याला दुसरीकडे जायला अडवता येणार नाही. पण कराराच्या मुदतीत अडवता येतं. त्यावरची जुनी केस १९६७ ची, गोळीकरी म्हणून शिफ्ट सुपरवायझर, कल्याणला टायर कॉर्डच्या कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर होते, मधेच कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. कोर्टाने मुदतीपुरती बंदी योग्य ठरवली. संगमनेरकर, तुमची 'दुसरा धंदा नको' ही अट या बाजूची आहे. अ‍ॅप तुमचं ठरलं तरी ते विकल्याबद्दल नोकरी जाऊ शकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मालकीचा तुम्ही बहुतेक जिंकाल, नोकरीचा बहुतेक हराल.

सही_करणारा_मॅनेजर
अशा परवानग्या माझ्याकडे येतात म्हणून लिहितो. कोथरूडकरांशी अर्धा सहमत, बहुतेक वेळा कोणी बघत नाही. बघतात केव्हा तर माणूस वाकड्यात जाऊन सोडतो तेव्हा, किंवा त्याचं बाहेरचं काम लिंक्डइनवर दिसतं तेव्हा, आणि तेव्हा मात्र सगळं उकरून काढतात, लॅपटॉपचे लॉग, मेल, यूएसबी लावलेली तारीख सुद्धा.

मेल लिहायचा तर गोल गोल लिहू नकोस. 'मी एक स्टार्टअप करतोय' असं लिहिलंस की फाइल लीगलकडे गेली आणि तिथेच राहिली. लिही की घरच्या दूध संकलन केंद्रासाठी हिशोबाचं अ‍ॅप आहे, कंपनीच्या कुठल्याही क्लायंटशी संबंध नाही, कंपनीचा लॅपटॉप, वेळ, लायसन्स वापरणार नाही, अ‍ॅपचे हक्क माझ्याकडे राहतील आणि किरकोळ वर्गणी घेणार आहे. हक्कांची ओळ गाळू नकोस, नुसती 'काम करायला हरकत नाही' अशी परवानगी मिळाली तर मालकीचं भूत तसंच राहतं. आणि उत्तर तोंडी घेऊ नको. मॅनेजर चहाला भेटून 'अरे कर की' म्हणतो आणि सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत असतो.

कंपनी दुधाच्या धंद्यात सॉफ्टवेअर विकत नाही ना हे मात्र आधी बघून घे. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं कुठेतरी एक अ‍ॅग्रीटेक नावाचं, शेतीच्या सॉफ्टवेअरचं, खातं असतं आणि आपल्याला माहीत पण नसतं.

कोथरूडचा_कोडर
आणि ते नाही म्हणाले तर? आता निदान 'मला माहीत नव्हतं' म्हणता येतं, नंतर ते पण गेलं.

सही_करणारा_मॅनेजर
सही केलेल्या कागदाबद्दल माहीत नव्हतं? बरं. नाही म्हणाले तर मामाला फुकट वापरू दे आणि बाकीच्यांना नोकरी सोडेपर्यंत थांबव.

संगमनेरकर
सगळ्यांचे आभार. मेल लिहितोय, हक्कांची ओळ टाकून. कोपायलटवाल्या स्क्रीन परत लिहायला घेतल्यात. अ‍ॅग्रीटेक शोधलं, आमच्याकडे तसं काही दिसत नाही. अजून एक, लोगो आणि बिलाचं डिझाइन मित्राने करून दिलंय, पैसे घेतले नाहीत. त्यात काही कागद लागतो का?

पीडीएफवाला
मधेच घुसतो. बिलाची पीडीएफ कशाने बनवतोस? आयटेक्स्ट ही लायब्ररी असेल तर त्याच्या नव्या आवृत्त्या एजीपीएल लायसन्सखाली आहेत, अ‍ॅप वाटलंस की पूर्ण सोर्स पण त्याच अटींवर द्यायला लागेल, नाहीतर त्यांचं पैशाचं लायसन्स घे. कंपनीपासून कोड वाचवशील आणि इथे अडकशील. अँड्रॉइडमध्येच पीडीएफडॉक्युमेंट नावाचा क्लास आहे, दहा ओळींच्या बिलाला तो पुरतो. मराठी फॉन्टची जोडाक्षरं मात्र खऱ्या फोनवर तपास, एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) ठीक दिसतात.

सनद_आहे
मित्राचा कागद लागतोच. तो तुमचा नोकर नाही, म्हणून लोगोचा मालक तोच, पैसे घेतले की नाही याचा संबंध नाही. एक पान करा, कुठली डिझाइन ते चित्रासकट, सगळे हक्क, कायमचे, जगभर, आणि त्याची सही. काळ लिहायला विसरलात तर पाच वर्षांनी लोगो त्याच्याकडे परत.

आणि शेतकऱ्यांचे मोबाईल आणि बँक खात्याचे नंबर तुमच्या सर्व्हरवर असणार. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने आहेत. तोवर निदान सगळ्या केंद्रांचा डेटा एका टेबलात ओतू नका आणि मामाला त्याच्या केंद्रापुरतंच दिसू दे.

संगमनेरकर
एका टेबलात नाही पण एकाच पासवर्डवर आहे. बदलतो आज.