रिलीव्हिंग लेटर अडले आहे, मार्गदर्शन हवे
नमस्कार. नोटीस पिरियड पूर्ण करून मी पुण्यातील एका कंपनीतून बाहेर पडलो. मात्र रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मुक्त केल्याचे पत्र, अजून हाती आलेले नाही आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही कंपनीने भरलेली नाही. शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’मध्ये आधारच्या ओटीपीने ती तारीख आपली आपल्याला भरता येते, हे ठाऊक आहे, पण तोवर नव्या ठिकाणी काय सांगावे? नव्या नोकरीच्या अर्जातला ‘सध्याचा पगार’ हा रकाना शून्य स्वीकारतच नाही, आणि तिथे जुना आकडा लिहिणे माझ्या मनाला पटत नाही. राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल आणि शेवटची सॅलरी स्लिप एवढ्यावर कोणाला रुजू करून घेतले आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.